मिरची सडली नाही, आंबली आहे

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या आणि ओट्यावरची मिरच्यांची बरणी बघून म्हणाल्या, "अगं यात बुडबुडे आलेत, पाणी पण गढूळ झालंय, सडल्या या, टाकून दे." मी म्हटलं काकू, तुमचं इडलीचं पीठ सकाळी फुगून वर येतं तेव्हा ते टाकून देता का? इडलीचं पीठ फुगवणारा मुख्य जिवाणू म्हणजे ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स, आणि मिरचीच्या बरणीत पहिले दोन-तीन दिवस गॅस काढणारा पण बहुतेक वेळा हाच. तो मिरचीच्या सालीवर आधीपासूनच बसलेला असतो, विरजण लावावं लागत नाही.

या बरणीतून मी आंबवलेल्या मिरचीचा सॉस करते, त्याचं माझं प्रमाण सोपं आहे. थंडीत बाजारात ठेच्याच्या ओल्या लाल मिरच्या येतात त्या अर्धा किलो, धुवून देठं काढून तुकडे करून, आठ-दहा लसूण पाकळ्या, आणि उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी. या सगळ्याच्या मिळून वजनाच्या 3 टक्के मीठ, म्हणजे साधारण 30 ग्रॅम. मीठ वजनकाट्यावरच मोजा, खडे मीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं मावत नाही. आयोडीनच्या मिठाने जिवाणू मरतात असं बरेच जण सांगतात, पण 1 किलो मिठात आयोडीन असतं साधारण 15 ते 30 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या अख्ख्या बरणीत 1 मिलिग्रॅमसुद्धा नाही, माझ्या बरण्या साध्या पुडीतल्या मिठावर छान आंबतात. मिरच्या पाण्याखाली राहायला हव्यात म्हणून वर काचेची छोटी वाटी दाबून ठेवायची, बरणी पाऊणच भरायची आणि झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर गॅसने काच फुटू शकते.

आता मला यातला सगळ्यात आवडणारा भाग. हे जिवाणू ॲसिड बनवतातच कशाला? आपला सॉस टिकावा म्हणून नक्कीच नाही. साखर फोडून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते उचलायला पेशीत एनएडी नावाचा हमाल असतो. हमाल थोडेच असतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरचं ओझं कुठेतरी उतरवावंच लागतं. आपण ते शेवटी ऑक्सिजनवर उतरवतो, या जिवाणूंची सोय तशी नाही, म्हणून ते साखरेच्याच उरलेल्या तुकड्यावर म्हणजे पायरुव्हेटवर उतरवतात आणि त्याचं होतं लॅक्टिक ॲसिड. हमाल मोकळा, ॲसिड बाहेर. आंबणं हे जिवंत जिवाणूंचं काम आहे हे लुई पाश्चरने 1857 मध्ये याच लॅक्टिक ॲसिडवर काम करून मांडलं होतं.

पण ॲसिड झालं म्हणून बाकीचे जंतू का मरतात? लोकांना वाटतं ॲसिड बाहेरून भाजतं. तसं नाहीये. लॅक्टिक ॲसिड हे सौम्य ॲसिड, त्याचे काही रेणू हायड्रोजन आयन सोडून विद्युतभारित होतात आणि काही अखंड राहतात. भार असलेला रेणू पेशीच्या तेलकट पडद्यातून सहज आत जात नाही, अखंड रेणू जातो. आता गंमत बघा, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. पीएच 3.86 ला बरोबर निम्मे रेणू अखंड असतात, पीएच 6 ला 1 टक्कासुद्धा नसतात, आणि पीएच 3.5 ला जवळजवळ 70 टक्के! म्हणजे बरणी आंबट होत जाते तसा तोच रेणू जास्त जास्त घातक होत जातो. अखंड रेणू जंतूच्या आत शिरला की आतला पीएच सातच्या आसपास, तिथे तो लगेच फुटतो, हायड्रोजन आयन आत सोडतो आणि भार आल्यामुळे परत बाहेर पडू शकत नाही. जंतू बिचारा एटीपी, म्हणजे पेशीतली साठवलेली ऊर्जा, खर्च करून आयन बाहेर उपसत बसतो, वाढायला ऊर्जाच उरत नाही. म्हणूनच एकाच पीएचला हायड्रोक्लोरिकसारख्या तीव्र ॲसिडपेक्षा लॅक्टिक आणि व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड जंतूंना जास्त जड जातं.

मग आपले जिवाणू कसे जगतात? ते आतला पीएच सातवर धरून ठेवायचा हट्टच करत नाहीत, बाहेरच्याबरोबर आतलाही उतरू देतात. ल्युकोनोस्टॉक तरी लवकर थकतो, मग प्लँटॅरम नावाचा जास्त चिवट भाऊबंद ताबा घेतो आणि पीएच साडेतीनच्या आसपास नेऊन सोडतो. मिठाचं काम फक्त सुरुवातीचं, ॲसिड तयार होईपर्यंत सडवणाऱ्या मंडळींना रोखून धरणं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. तेलाखाली काही खराब होत नाही हा समज धोक्याचा आहे. आपल्या लोणच्यात भरपूर मीठ आणि आंबटपणा असतो म्हणून तेल चालतं, पण नुसती कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवली तर तिथे हवा नाही आणि ॲसिडही नाही, बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूला अगदी हवी तशी जागा. त्याचे बीजाणू पीएच 4.6 च्या खाली वाढू शकत नाहीत, म्हणून पीएच पट्टी आणाच आणि 4 च्या खाली आल्याशिवाय सॉस खाऊ नका. वर पांढरी पातळ साय आली तर ती बहुतेक यीस्टची असते, काढून टाकली की झालं, पण हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकायची.

काकूंनी जाता जाता विचारलं, "पाळीच्या दिवसांत हात नाही ना लावलास?" मी लावला होता, तीन दिवस रोज झाकण उघडत होते, पीएच उतरायचा तसा उतरलाच. बरणी नासते ती कमी मिठाने, ओल्या चमच्याने, पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्याने. या एका खोट्या समजुतीने किती पिढ्या बायकांना स्वतःच्याच स्वयंपाकघरात बाजूला बसवलं, मला खरंच राग येतो. आणि दुसऱ्या टोकाला घरच्या सॉसला प्रोबायोटिक औषध म्हणून विकणारे, त्यांचंही ऐकू नका. कुठला वाण, किती संख्येने, कशावर उपयोगी हे तपासलेलं असेल तरच तो शब्द लावता येतो, आणि सॉस उकळला तर जिवाणू तसेही मेले.

आपल्याकडच्या हवेत बरणी आंबायला सात ते दहा दिवस पुरतात, थंडीत थोडे जास्त. अमेरिकेत लुइझियानात एव्हरी आयलंडवर 1868 पासून टबॅस्को हा मिरचीचा सॉस बनतो, ते मिरचीचा लगदा ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, पण आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. पाणी गाळून बाजूला ठेवा, मिरच्या मिक्सरला बारीक करा, तेच पाणी लागेल तसं घालून गाळा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये. गाळणीत राहिलेला चोथा टाकू नका, ताटात पसरून कडक उन्हात वाळवून कुटला की भाजलेल्या कणसावर लिंबाबरोबर चोळायला एक नंबर लागतो.