बफर ओव्हरफ्लो आणि रॅम: एक खुलासा

रॅम भरली की बफर ओव्हरफ्लो होतो आणि रॅम वाढवली की धोका टळतो, हा समज लातूर-नांदेडच्या संगणक वर्गांपासून छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे, आणि घातकही, कारण त्यामुळे खरा दोष कोणी शोधतच नाही.

बफर म्हणजे प्रोग्रामने माहितीसाठी राखून ठेवलेला ठरावीक लांबीचा मेमरीचा तुकडा. आलेल्या माहितीची लांबी न तपासता ती त्यात लिहिली, तर न मावणारे बाइट्स लगतच्या मेमरीवर जातात; हाच बफर ओव्हरफ्लो. तालुक्यात जमीन मुबलक असली, तरी बांध ओलांडून गेलेला नांगर शेजाऱ्याचेच वावर उकरतो, तसेच हे आहे. स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवायच्या मेमरीत, त्या शेजारात फंक्शन संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता असतो. हल्लेखोराने तो बदलला की प्रोसेसर त्याच्या सूचना पाळू लागतो.

नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवरून स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने, नेमके हेच केले. संगणकाच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतील ५१२ बाइट्सच्या बफरमध्ये त्याने ५३६ बाइट्स पाठवले, आणि तेथील ‘गेट्स’ (gets) या माहिती वाचणाऱ्या फंक्शनला लांबी मोजण्याची सोयच नव्हती. सी भाषेच्या २०११ च्या मानकातून ते फंक्शन काढून टाकण्यात आले. तरीही सरावासाठी ते शिकवले जात असेल, तर ते आजच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टॅक कॅनरी (परतीच्या पत्त्याआधी ठेवलेले, बदलले तर धोका कळवणारे मूल्य) आणि पत्त्यांची यादृच्छिक मांडणी (मेमरीतील जागा दरवेळी बदलणे) हल्ला अवघड करतात, पण मूळ दोष लांबी तपासल्यानेच दूर होतो.