पीप पाझरतंय की गळतंय?

बिअर मुरवायला आणलेलं जुनं ओकचं पीप सांगलीच्या उन्हाळ्यात तीन-चार आठवडे रिकामं पडलं, की पाणी भरताच बाहेरून ओलं होणारच. कुणी लगेच मेण थापतो, कुणी ‘फुगेल आपोआप’ म्हणत थेट बिअर ओततो. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा.

पाझर असतो दोन फळ्यांच्या सांध्यात, नाहीतर टोकाची तबकडी बसते त्या खाचेत. लाकूड वाळून आकसलेलं असतं, लोखंडी पट्टे सैल झालेले असतात. बैलगाडीची धाव ढिली झाली की चाक पाण्यात बुडवून ठेवतात, तोच हा इलाज. पट्टे पोटाकडे, सगळ्या बाजूंनी सारखे ठोकून घ्या. २०० लिटरच्या पिपात ८० अंशांचं १५-२० लिटर पाणी घाला, बूच लावून लोळवा. वाफेने बूच उडू शकतं, तोंड जवळ नेऊ नका. मग प्रत्येक टोकावर अर्धा तास उभं ठेवा, वरच्या तबकडीवरही पाणी ओता. निवल्यावर बूच उघडताना ‘सूं’ करून हवा आत ओढली गेली, तर सांधे मिटले. नाहीतर गार पाण्याने काठोकाठ भरा. पाझर तासागणिक कमी होतो. ४८ तासांपुढे मात्र तेच पाणी ठेवू नका, कुबट वास धरतं.

गळती सांध्यापासून लांब, फळीच्या मधोमध दिसते: किडीचं टाचणीएवढं भोक किंवा बारीक चीर. दोन दिवसांनीही थेंब तसाच पडत राहतो. पीप रिकामं करून भोकात टोकदार लाकडी खुंटी ठोका, सपाट कापा, वर मधमाशीचं मेण चोळा. चीर लांब असेल तर फळीच बदलावी लागते. ते जमणार नसेल तर ते पीप घेऊच नका. बिअर बाहेर येते तिथून हवा आत जाते, आणि हवा मिळाली की जिवाणू बिअरचा व्हिनेगर करतात.

व्हिस्कीचं पीप ताजं आणि आतून ओलसर असेल, तर पाण्याच्या वाटेला जाऊच नका. जळक्या लाकडात मुरलेली चव धुऊन जाते. सरळ बिअर भरा. वाईनचं पीप रिकामं ठेवायचं असेल, तर लिटरला २ ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने भरून ठेवा. द्राक्षाच्या पेटीतल्या पॅडमधून निघतो तोच गंधकवायू इथे जंतू दाबतो, म्हणून काम उघड्या हवेत करा. व्हिस्कीच्या पिपात गंधकाची वात कधीच पेटवू नका. आतल्या मद्याच्या वाफेचा भडका उडतो.