इजिप्तच्या उत्खननातील वाटणी: वस्तूंपासून नोंदींपर्यंत

इजिप्तमध्ये खणणाऱ्या परदेशी पथकाला आज मायदेशी एक मणीही नेता येत नाही. सापडलेले सारे सरकारी कोठारात जमा होते. पथकाबरोबर परततात त्या नोंदी, रेखाटने आणि छायाचित्रे.

शंभर वर्षांपूर्वी असे नव्हते. हंगाम संपताना पुरावस्तू खात्याचा अधिकारी येई, वस्तू मांडल्या जात, कैरोच्या संग्रहालयासाठी निवड होई आणि उरलेले पथकाला मिळे. १९१२ च्या कायद्याने ही वाटणी निम्मी-निम्मी ठरवली. अमार्ना या प्राचीन नगरीच्या उत्खननात ६ डिसेंबर १९१२ रोजी सापडलेला राणी नेफरतितीचा अर्धपुतळा पुढच्याच महिन्यातल्या वाटणीत तिथे खणणाऱ्या जर्मन पथकाकडे गेला. तो वाद अजून मिटलेला नाही.

पथकांचा खर्च वर्गणीतून भागे, त्यामुळे त्यांच्या वाट्याच्या वस्तू वर्गणी देणाऱ्या संग्रहालयांत पांगत. एकाच थडग्यातली मडकी एका शहरात, मणी दुसऱ्या शहरात. खरे नुकसान या पांगापांगीत झाले. थडग्याचा क्रमांक मडक्यावर शाईने लिहिलेला असेल तर ते आजही आपल्या जागेशी जोडता येते. शाई पुसली गेली की उरते नुसते देखणे मडके.

तो क्रमांक किती मोलाचा, हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या दक्षिण इजिप्तमधील नकादा येथील कामातून दिसते. १८९४-९५ मध्ये तिथे दोन हजारांहून अधिक थडगी खणली गेली. त्यांत कोरलेला किंवा लिहिलेला मजकूर कुठेच नाही, म्हणजे काळ ठरवायला आधार नाही. पेट्रींनी सुमारे ९०० थडग्यांसाठी एकेक पट्टी केली, त्या थडग्यात कोणत्या प्रकारची मडकी आहेत ते तिच्यावर लिहिले आणि सारखेपणा पाहून पट्ट्यांचा क्रम लावला. नागमोडी कानांच्या मडक्यांनी दिशा दाखवली: आधी धरता येतील असे कान, मग आखूड, शेवटी नुसती रेघ. या क्रमातल्या टप्प्यांचे क्रमांकन त्यांनी ३० पासून सुरू केले, कारण याहून जुने काही पुढे सापडेल अशी त्यांची अटकळ होती. १९२० च्या दशकात बदारीला ते सापडलेच.

हे सारे प्रत्यक्ष खणणाऱ्या हातांवर अवलंबून होते. पेट्री सापडलेल्या वस्तूबद्दल मजुराला बक्षीस देत, नाहीतर ती दलालाकडे जाई. यातही धोका होता: बक्षिसासाठी दुसरीकडची वस्तू आणून इथली म्हणून दाखवता येते. म्हणून माणसे पारखलेली हवीत. कुफ्त गावातले मजूर त्यांच्याकडे तयार झाले, आणि पुढे ‘कुफ्ती’ हे कुशल खणकऱ्याचेच नाव झाले.

राजा तुतानखामुनच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातून वस्तू काढायला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना दहा वर्षे लागली. आधी जागेवरच छायाचित्र, मग क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवून पुन्हा छायाचित्र, प्रत्येक वस्तूचे कार्ड, त्यानंतरच हात लावायचा. मण्यांचे दोरे कुजलेले असत. आधी पक्के न करता उचलले तर मणी विखरून ओवण्याचा क्रमच हरवे. तरीही कार्टर यांचा संपूर्ण शास्त्रीय अहवाल कधीच निघाला नाही. आज अभ्यासक त्यांची कार्डे आणि हॅरी बर्टन यांची छायाचित्रे वापरतात; ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ती इंटरनेटवर खुली केली आहेत.

१९८३ च्या कायद्याने वाटणी संपवली, मात्र पथकाला दहा टक्क्यांपर्यंत देण्याची सवलत ठेवली. २०१० मध्ये तीही गेली. आता वाटायला नोंदीच उरल्या, आणि जुन्या नोंदींचेही मोल वाढले. गिझाला अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर यांच्याकडे काम करणाऱ्या इजिप्शियन मुकादमांनी, म्हणजे रईसांनी, अरबीत रोजनिशा लिहिल्या होत्या. त्या राइझनर यांच्या पथकाच्या इंग्रजी रोजनिशांशेजारी ठेवून वाचल्या, की कोणत्या दिवशी कोणत्या खड्ड्यात कोण काम करत होते, हे खणणाऱ्यांच्या बाजूनेही कळू लागते.