समुद्राखालच्या झाडाचं फळ

खुलताबादच्या उरुसात एका फकिराच्या हातातला कटोरा पहिल्यांदा जवळून पाहिला, तेव्हा तो शिसवी लाकडाचा असेल असंच वाटलं. काळाकुळकुळीत, होडीसारखा लांबट, दोन्ही टोकांना पितळी कड्या आणि त्यांत ओवलेली साखळी. टिचकी मारली तर हाडावर मारल्यासारखा आवाज आला. "कशकोल है, बाबू. नारियल का. समंदर के अंदर झाड है इसका," फकीर म्हणाला. आकारावरून याला कुणी किश्तीही म्हणतं, म्हणजे होडीच. आणि ही होडी फिरत होती कुठे, तर समुद्र जिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर लांब, तिथे. आमच्याकडे सागर म्हणजे जायकवाडीचा नाथसागर, आणि तोही दुष्काळात तळ दाखवतो.

समुद्राखालचं झाड ही मला तेव्हा फकिरी गप्प वाटली. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की हीच गोष्ट पाचशे वर्षांपूर्वी लिस्बनपासून जावापर्यंतचे चांगले जाणते लोक खरी मानत होते. आणि त्यांना वेड्यात काढावं अशी ती गोष्ट नव्हती.

झालं होतं असं. मालदीवच्या किनाऱ्यावर अधूनमधून एक विचित्र नारळ वाहून यायचा. दोन नारळ शेजारी शेजारी चिकटवावेत तसा, आणि आपल्या नारळाच्या कितीतरी पट मोठा. असं फळ देणारं झाड मालदीवमध्ये नाही, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर नाही, अरबस्तानात नाही. त्यातून मलायी खलाशी शपथेवर सांगायचे, की हे फळ झाडावरून खाली पडत नाही, समुद्राच्या तळाकडून वर "पडतं". आम्ही डोळ्यांनी पाहिलंय म्हणायचे. मग झाड तळाशीच असणार, दुसरं काय?

मॅजेलनच्या सफरीतून १५२२ मध्ये जे मोजके लोक जिवंत घरी पोचले, त्यांत अँतोनिओ पिगाफेट्टा होता. जावाच्या उत्तरेला समुद्रात एक प्रचंड झाड आहे, भोवती भोवरे आहेत, जहाज जवळ जाऊ शकत नाही आणि त्या झाडावर हत्ती उचलून नेणारे पक्षी राहतात, असं त्यानं ऐकून लिहून ठेवलं. पक्ष्याचं नाव काय? गरुड! आपला विष्णूचा गरुड पार जावाच्या समुद्रात जाऊन नारळाच्या झाडावर बसला होता.

गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये आपल्या ग्रंथात वेगळा तर्क नोंदवला. मालदीवच्या भागात पूर्वी मोठी जमीन होती, ती समुद्रात बुडाली, तिच्यावरचे माड गाडले गेले आणि त्यांचे नारळ आता सुटून वर येतात. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही हकिमी करून आलेला, आणि दौलताबादचा किल्ला तेव्हा निजामशहाच्याच ताब्यात. त्याचा बुडालेल्या जमिनीचा तर्क लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुर्मीळ म्हटलं की औषधी ठरायला वेळ लागत नाही. हा नारळ विषावर उतारा मानला गेला. काष्ठौषधीच्या दुकानात त्याला अजून जहरी नारळ म्हणतात. मालदीवमध्ये सापडलेला प्रत्येक नारळ राजाचा, लपवला तर शिक्षा, असं तिथं १६०२ ते १६०७ अडकून पडलेल्या पिरार नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलंय. सम्राट दुसऱ्या रूडॉल्फनं अशाच एका नारळाची चांदीनं मढवलेली सुरई करून घेतली. ती आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिकडे बादशहाची सुरई, इकडे फकिराचा कटोरा, माल एकच.

खरं झाड सापडलं १७६८ मध्ये. मॅरियन द्यूफ्रेनच्या फ्रेंच मोहिमेतला एक मोजणीदार सेशेल्समधल्या प्रालँ बेटावर उतरला आणि झाडांखाली हेच नारळ पडलेले. आफ्रिकेच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या थोडं खाली, कुणीही कायमची वस्ती न केलेलं बेट. मग जहाजं भरभरून माल आला आणि भाव कोसळला. शास्त्रीय नाव मात्र लोडोइसिया माल्दिविका असंच पडलं. ज्या देशात हा माड कधी उगवलाच नाही, त्याचं नाव त्याच्या कपाळी कायमचं चिकटलं.

खलाशांच्या शपथेचं काय मग? ती खरीच होती. हे बी वनस्पतीसृष्टीत सगळ्यात जड, २५ किलोपर्यंत भरतं. ताजं फळ पाण्यात पडलं की दगडासारखं तळाला जातं. तिथं सालपट कुजतं, आतला गर सडतो, वायू साठतो, आणि पोकळ झालेली कवटी एक दिवस तळापासून सुटून वर येते. म्हणजे खालून वर "पडते". पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत हिंदी महासागराचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो तिला मालदीवकडे नेतो. पोचेपर्यंत बी मेलेलं, त्यामुळे कुणी हौसेनं पेरलं तरी उगवायचं नाही. साधा नारळ तरंगत जाऊन बेटंच्या बेटं पादाक्रांत करतो. या बिचाऱ्याला जिवंतपणी प्रवास जमत नाही. निसर्गतः तो प्रालँ आणि शेजारचं क्यूरियूज या दोनच बेटांवर उरला आहे.

निरीक्षण बिनचूक आणि निष्कर्ष चुकलेला, कारण मधली एक कडी दिसलीच नव्हती. बेटांच्या बऱ्याच दंतकथा मला आता अशाच वाटतात. सगळ्या नव्हे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची गोष्ट एका मोठ्या भिंतीवर रंगवली आहे. जहाज फुटतं, व्यापारी बेटावर लागतात, तिथल्या सुंदर बायका त्यांना घरात घेतात, आणि त्या निघतात राक्षसिणी. शेवटी सिंहल सैन्य घेऊन त्याच बेटावर चालून जातो, आणि चित्रकारानं चक्क होड्यांत हत्ती उभे केले आहेत. समुद्र न पाहिलेल्या माणसानं काढले असतील असे. पण समुद्राच्या गोष्टी इथे कशा आल्या हे कोडं नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, अशी नोंद आहे. पैठणचे अकीक आणि तेरचं कापड गाड्यांत घालून बंदराकडे जायचं. गेलेल्या गाड्या रिकाम्या परत येत नसणार.

राक्षसिणींच्या बेटासारखंच एक बेट इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये अलेक्झांडरचा आरमारप्रमुख निआर्कस याला मकरान किनाऱ्यापाशी भेटलं. तिथं एक जलदेवता राहते, आलेल्या पुरुषाला नादी लावते, मग त्याचा मासा करून समुद्रात फेकते, अशी वदंता. खलाशी उतरायला तयार नाहीत. निआर्कसनं त्यांना जबरदस्तीनं उतरवलं आणि स्वतःही उतरला. काही झालं नाही. गंमत म्हणजे ही हकीकत सांगणारा इतिहासकार आरियन वैतागून म्हणतो, असली थाप खोटी पाडायला एवढा वेळ कशाला घालवायचा? मला तर निआर्कस पटतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज न्यू कॅलेडोनियाजवळच्या सँडी बेटावर गेलं, तर तिथं हजार मीटरहून खोल पाणी. संगणकावरच्या नकाशातही ते बेट तोपर्यंत होतंच. जाऊन पाहिल्याशिवाय पुसलं गेलं नाही.

आता तो बुडालेल्या जमिनीचा तर्क. १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की लेमूर हा माकडासारखा प्राणी मादागास्करमध्ये आणि त्याच्या जवळचे वाटणारे प्राणी हिंदुस्थानात, मधे एवढा समुद्र, हे कसं? त्यानं हिंदी महासागरात एक बुडालेलं खंड कल्पिलं आणि नाव दिलं लेमुरिया. दंतकथा रचायला खलाशीच लागतो असं नाही. पुढे भूपट्ट सरकतात हे सिद्ध झालं आणि लेमुरिया निकालात निघाला. जमीन बुडाली नव्हती, फाटून लांब गेली होती.

पण सेशेल्सचं प्रकरण जरा वेगळं आहे. महासागराच्या मध्यावरची बेटं सहसा ज्वालामुखीची नाहीतर पोवळ्यांची. प्रालँ मात्र ग्रॅनाइटचं, सुमारे ७५ कोटी वर्षं जुनं, म्हणजे खंडाचा तुकडा. हा तुकडा हिंदुस्थानच्या पश्चिम अंगाला चिकटलेला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले, त्याच सुमारास तो सुटला. या तुकड्याचा बहुतेक भाग आज उथळ पाण्याखाली आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती, तेव्हा तिथं आजच्यापेक्षा कितीतरी मोठी सलग जमीन होती. ओर्ताची जागा चुकली, पण बुडालेली जमीन आणि तिच्यावरचे माड, एवढं त्याला बरोबर लागलं होतं.

सेशेल्समधल्या सिल्हूट बेटाचे खडक तपासले, तर ते त्याच दख्खनी उद्रेकाच्या उत्तरकाळातले निघाले. त्याच उद्रेकाच्या खडकात वेरूळ कोरलं गेलं, अजिंठा रंगवला गेला, आणि आमची कापसाची काळी माती त्याचीच झिजून झाली. त्या फकिरानं बोलता बोलता कशकोल दर्ग्याच्या पायरीवर उपडा ठेवला होता. पायरीही त्याच काळ्या पाषाणाची.