मसाई माराला निघताय ना? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. केनियाचं बुकिंग झालं की आम्हाला पहिला फोन हमखास कपड्यांचा येतो, खाकीच लागतं का, हॅट कुठली घ्यायची वगैरे. ते सांगतोच, पण त्याच्या आधी यलो फीव्हरची लस. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तिथेही रोज देत नाहीत आणि अपॉइंटमेंट लागते, म्हणून तिकीट हातात आलं की त्याच आठवड्यात नंबर लावा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात, आणि एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. जे पिवळं कार्ड मिळतं ते पासपोर्टलाच लावून ठेवा, कारण परत येताना मुंबईला ते मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, वय साठच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, तिथे रांगेत उभं राहिल्यावर नको.

मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांनाच विचारा. या गोळ्या जायच्या आधी सुरू होतात आणि आल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात, आणि नेमकं तिथेच आपल्याकडचे लोक चुकतात, घरी आलो, बरं वाटतंय, मग कशाला म्हणून बंद करतात. कृपा करून असं करू नका. आणि परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेत जाऊन आलोय.

आता कपडे. आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात बसलेलं असतं, पण नैरोबी आपल्या कळसूबाईपेक्षा उंचावर आहे आणि मारासुद्धा पंधराशे मीटरच्या आसपास किंवा त्याच्याही वर. सकाळी सहाला छप्पर उघडलेल्या गाडीत उभं राहिलं की वारा असा लागतो की दात वाजतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच. स्वेटर, विंडचीटर आणि आजी-आजोबांना माकडटोपी, लाज वाटू देऊ नका. दहानंतर ऊन चटकतं, तेव्हा एकावर एक घालून एकेक काढता येतील असे कपडे घ्या. रंग मातकट, फिका. काळा आणि गडद निळा नको, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि ती कपड्यातूनही चावते. लष्करी छापाचे कपडे तर अजिबात नकोत, केनियात ते घालणं अडचणीचं ठरू शकतं.

कॅरीबॅग मात्र एकही नेऊ नका. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि आपल्याला तर चपला एका पिशवीत, थेपले दुसरीत, ओले कपडे तिसरीत अशी सवय, त्यामुळे घरून निघतानाच कापडी पिशव्या शिवून किंवा विकत घ्या. ज्यांचं माराला छोट्या विमानाने जायचं ठरलंय त्यांनी चाकांची कडक सूटकेस सोडून मऊ बॅग घ्यावी, हातातली धरून एकूण १५ किलोच चालतात. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडीतलं वागणं. सिंहाला आपली गाडी एक मोठी अखंड वस्तू दिसते, रोज बघून त्याला तिची सवय झालेली असते. पण कोणी दारातून बाहेर झुकला, हात काढून हलवला किंवा खाली उतरला की तो माणूस त्याला वेगळा दिसतो, आणि मग काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. आमच्या एका ग्रुपमध्ये एकांचा गॉगल खाली पडला, गाडीपासून दोन हातावर, आणि ते दाराच्या कडीला हात घालणार तेवढ्यात ड्रायव्हरने त्यांचा दंड धरला. गवत नुसतं पिवळं, काही दिसत नव्हतं. मग एक कानामागचा काळा ठिपका हलला. सिंहीण झोपलेली, वीस-पंचवीस पावलांवर. चाळीस मिनिटं सगळे गप्प बसून राहिले, ती उठून गेली, मग ड्रायव्हरने गाडी गॉगलला खेटून घेऊन दारातूनच तो उचलला. मोबाईल, कॅप, काहीही पडू दे, उतरायचं नाही, ड्रायव्हरला सांगायचं.

आणि ड्रायव्हरला “अजून जवळ घे ना” म्हणून मागे लागू नका. प्राण्यापासून २५ मीटर आणि एका वेळी पाचच गाड्या हा तिथला नियम आहे, तो मोडला तर दंड त्याला होतो. नदीवर विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या, गवत खाणाऱ्या रानटी जनावरांचे, कळप पाण्यात उतरायच्या बेतात असतात तेव्हा गाड्या काठावर घुसल्या की कळप बिचकून मागे फिरतो, मग कोणालाच काही दिसत नाही आणि जनावरांचे हाल होतात ते वेगळेच. लांब थांबा, दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ ची पुरते.

एक गोष्ट बायका संकोचाने विचारत नाहीत म्हणून आम्हीच लिहितो. चार-पाच तास बाथरूम नसतं, त्यामुळे बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. पाणी प्या. लागायच्या बऱ्याच आधी ड्रायव्हरला सांगा, तो आजूबाजूचं झुडूप बघून मोकळी जागा निवडतो, त्याच्यासाठी हे रोजचं आहे. आपल्या मनाने झाडामागे मात्र जायचं नाही.

कॅम्पला बहुतेक ठिकाणी कुंपण नसतं. रात्री पाणघोडे चरायला तंबूंपर्यंत येतात, गवत उपटल्याचा चर्र चर्र आवाज अगदी कापडापलीकडून येतो. घाबरू नका, झिप उघडून बघायला जाऊ नका. पाणघोडा दिसायला सुस्त, पण तो आणि पाणी यांच्या मधे आलेल्या माणसाला तो सोडत नाही. अंधार पडल्यावर जेवणाला जाताना-येताना तिथला राखणदार, ज्याला ते आस्कारी म्हणतात, त्याला बोलवायचंच, तंबू पन्नास पावलांवर असला तरी. आणि चिवडा-लाडू तंबूत उघडे ठेवू नका, माकडं झिप उघडतात. डबा कॅम्पच्या किचनमध्ये द्या, ते आनंदाने ठेवतात.

निघायच्या पंधरा दिवस आधी पासपोर्ट, लसीचं कार्ड आणि चालू औषधांची यादी यांचे फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घरात कोणाला दमा, गुडघेदुखी, गरोदरपण असं काही असेल तर तेव्हाच सांगा, म्हणजे गाडीतली पुढची, कमी धक्के बसणारी सीट त्यांच्यासाठी आधीच ठेवता येते.