सोयीचा ध्वज

सोयीचा ध्वज : जहाजाची खरी मालकी एका देशातील व्यक्तीकडे किंवा कंपनीकडे असताना, कर, मजुरी व नियम यांत सवलत मिळावी म्हणून ते दुसऱ्याच देशात नोंदवून त्या देशाच्या ध्वजाखाली चालविण्याची पद्धत. परदेशी मालकांची जहाजे अशा रीतीने दाखल करून घेणाऱ्या नोंदवहीस ‘खुली नोंदणी’ म्हणतात. ‘सोयीचा ध्वज’ हा शब्दप्रयोग खलाशांच्या संघटनांच्या तोंडी टीकेच्या अर्थाने येतो, म्हणून नोंदणी देणारी राज्ये तो टाळतात. जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षमता आज लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीनच ध्वजांखाली आहे. त्या जहाजांचे मालक मात्र बहुतांशी ग्रीस, जपान, चीन, जर्मनी अशा देशांत असतात.

जहाजाला ध्वज लागतो तो शोभेसाठी नव्हे. खुल्या समुद्रावर कोणत्याही एका राज्याची सत्ता नसते. तेथे जहाजावर कायदा पोचतो तो ध्वजाच्या वाटेने. डेकवर गुन्हा घडला, खलाशाचा पगार थकला, जीवरक्षक होड्या नादुरुस्त निघाल्या, तर दखल घेण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य ध्वज-राज्याचे असते. राष्ट्रीयत्व नसलेल्या जहाजाला कोणत्याही देशाची युद्धनौका अडवून तपासू शकते. जहाजाने एका वेळी एकाच राज्याचा ध्वज लावावा आणि सोयीप्रमाणे दोन ध्वज वापरणाऱ्या जहाजास राष्ट्रीयत्वहीन समजता यावे, असा दंडक १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारात आहे. ध्वज कोणाला द्यायचा हे मात्र प्रत्येक राज्यानेच ठरवायचे असते. मस्कतच्या सुलतानाच्या प्रजेपैकी काहींची गलबते फ्रेंच ध्वज लावून फिरत, त्यावरून ब्रिटन व फ्रान्स यांच्यात उद्भवलेल्या वादात हेगच्या लवादाने १९०५ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. आजच्या खुल्या नोंदणीची कायदेशीर इमारत याच तत्त्वावर उभी आहे.

परक्या ध्वजाचा आसरा घेण्याची चाल जुनी आहे. युद्धकाळात तटस्थ देशाच्या ध्वजाखाली माल नेणे व्यापाऱ्यांना नेहमीच परवडत आले. तिला व्यवसायाचे रूप आले ते विसाव्या शतकात आणि तेही पनामात. अमेरिकेत दारूबंदी लागू असताना अमेरिकी जहाजांवर प्रवाशांना मद्य देता येईना, तेव्हा १९२२ मध्ये ‘रिलायन्स’ व ‘रिझोल्यूट’ ही दोन प्रवासी जहाजे पनामाच्या नोंदणीत गेली. दारूचे निमित्त पुढे मागे पडले, स्वस्त मजुरी आणि करमुक्ती ही कारणे टिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी अमेरिका तटस्थ असताना ब्रिटनला माल पोचविण्यासाठीही पनामाचा ध्वज उपयोगी पडला. लायबेरियाची नोंदणी अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये आकाराला आली आणि १९४९ मध्ये ग्रीक जहाजमालक स्टाव्ह्रोस निआर्कोस यांचे ‘वर्ल्ड पीस’ हे तेलवाहू जहाज तीत पहिले नोंदले गेले. त्यानंतर अवघ्या १८ वर्षांत, १९६७ मध्ये, लायबेरियाने ब्रिटनला मागे टाकून जगातील सर्वांत मोठ्या नोंदणीचे स्थान मिळविले. या नोंदणीचे दैनंदिन कामकाज अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून एक खासगी कंपनी पाहते; मार्शल बेटांच्या नोंदणीचेही तसेच आहे. समुद्रकिनारा नसलेल्या मंगोलियानेही खुली नोंदणी चालविली असून तिचा कारभार सिंगापूरमधून होतो. किनारा नसलेल्या राज्यांचा ध्वजाचा हक्क १९२१ मध्ये बार्सिलोना येथील जाहीरनाम्याने मान्य झालेला असल्याने त्यात बेकायदा काही नाही.

ध्वज बदलण्याची क्रिया बाहेरून पाहणाऱ्याला वाटते त्याहून फार लहान असते. मालकाने विक्रीखत, जुन्या नोंदणीतून नाव कमी केल्याचा दाखला आणि वर्गीकरण संस्थेची (जहाजाची बांधणी व सुस्थिती तपासणाऱ्या संस्थेची) प्रमाणपत्रे सादर केली, की नोंदणी कार्यालय तात्पुरता दाखला देते. जहाज त्या वेळी दुसऱ्याच खंडातील बंदरात माल उतरवीत असले तरी अडत नाही. मग फळीवर उभे राहून खलाशी जहाजाच्या मागच्या बाजूवरील जुन्या नोंदणी-बंदराचे नाव रंगवून टाकतात आणि तेथे ‘मोनरोव्हिया’, ‘पनामा’ किंवा ‘माजुरो’ असे लिहितात. ते बंदर त्या जहाजाने आयुष्यात पाहिलेले असेलच असे नाही. जुन्या जहाजांवर नावाची अक्षरे पोलादावर वेल्डिंगने उठविलेली असतात. तिरप्या उन्हात नव्या रंगाखालून आधीचे एखादे नाव, कधी त्याखालचे आणखी एक, वाचता येते. न बदलणारी खूण एकच : आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक. तो बांधणीपासून मोडणीपर्यंत जहाजाबरोबर राहतो आणि २००४ पासून सांगाड्यावर कायमचा उमटविणे बंधनकारक झाले आहे.

मालकाला मिळणारे लाभ सरळ आहेत. खुली नोंदणी देणारे राज्य जहाजाच्या नफ्यावर कर न लावता टनभारानुसार ठरावीक वार्षिक शुल्क घेते. खलाशी कोणत्याही देशाचे नेमता येतात, त्यामुळे वेतन ध्वज-राज्याच्या किंवा मालकाच्या देशातील दराला बांधलेले राहत नाही. लायबेरियाच्या सागरी कायद्याने अमेरिकी सागरी कायद्याची तत्त्वे स्वीकारलेली असल्याने कर्ज देणाऱ्या बँकांनाही आपले तारण सुरक्षित वाटते. हे कारण चर्चेत क्वचित येते, पण मोठ्या नोंदणींच्या वाढीत त्याचा वाटा मोठा आहे. बहुतेकदा प्रत्येक जहाजासाठी एक स्वतंत्र कंपनी असते आणि त्या कंपनीची मालमत्ता म्हणजे ते एकच जहाज. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ जपानी मालकीचे होते, ते तैवानची कंपनी चालवीत होती, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन कंपनीकडे होते, खलाशी भारतीय होते आणि ध्वज पनामाचा होता. यात लबाडी काही नाही. आजची सागरी वाहतूक बहुतांशी अशीच चालते. प्रश्न निर्माण होतो तो नुकसानीची भरपाई मागण्याची वेळ आल्यावर.

‘टॉरी कॅन्यन’ची हकीकत या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. १८ मार्च १९६७ रोजी हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर चढले आणि सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल समुद्रात व किनाऱ्यांवर पसरू लागले. ध्वज लायबेरियाचा, मालक बर्म्यूडात नोंदलेली कंपनी, भाड्याने घेणारी अमेरिकी तेलकंपनी, त्या फेरीपुरते पोटभाड्याने घेणारी ब्रिटिश तेलकंपनी आणि खलाशी इटालियन. दावा लावायचा कोणावर व कोठे, हेच ब्रिटिश सरकारला उमगेना. अखेर त्याच मालकाचे ‘लेक पालूर्ड’ हे जहाज सिंगापूरला आले असता एका तरुण वकिलाने त्यावर चढून डोलकाठीला अटकेचा हुकूम चिकटविला. फ्रेंचांनाही तेच करायचे होते, परंतु तोवर जहाज निघून गेले होते आणि त्यांनी ते पुढे रॉटरडॅमला गाठले. या दोन अटकांमुळे ३० लाख पौंडांची तडजोड झाली. दोन बलाढ्य सरकारांना भरपाईसाठी दुसऱ्या जहाजाच्या मागे बंदरोबंदरी फिरावे लागले, यावरून किनाऱ्यावरच्या मच्छीमाराची काय अवस्था होत असेल याची कल्पना यावी. तेलगळतीच्या भरपाईचा १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार या अपघातातून आला. त्याने नोंदलेल्या मालकावर दोष सिद्ध न करताही दायित्व टाकले आणि विमा सक्तीचा केला. ध्वज कोणताही असो, विमा कंपनी सापडते, हा त्याचा मोठा गुण.

जहाज व ध्वज-राज्य यांच्यात ‘खरा संबंध’ असावा, असे १९५८ च्या खुल्या समुद्राविषयीच्या करारात आणि पुढे १९८२ च्या करारातही म्हटले आहे. तो संबंध म्हणजे काय, हे कोठेच सांगितलेले नाही. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, आजच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी सुरक्षा समितीसाठी सर्वांत मोठे जहाजधारक देश ठरविताना नोंदलेला टनभारच धरावा, असे मत देऊन लायबेरिया व पनामा यांची बाजू उचलून धरली. मालकी, व्यवस्थापन व खलाशी यांत ध्वज-राज्याचा काही वाटा असावा असे सांगणारा १९८६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार पुरेशी राज्ये सामील न झाल्याने अमलात आलेला नाही. १९९९ मध्ये ‘सायगा’ जहाजाच्या खटल्यात सागरी कायदा न्यायाधिकरणाने स्पष्ट केले, की ‘खऱ्या संबंधा’चा हेतू ध्वज-राज्याने आपली कर्तव्ये नीट पार पाडावीत हा आहे, इतर राज्यांना नोंदणी अमान्य करता यावी हा नव्हे. कर्तव्ये कागदावर भरपूर आहेत. ती न पाळणाऱ्या राज्याला जाब विचारणारी यंत्रणा तोकडी आहे.

ही उणीव काही अंशी बंदरांनी भरून काढली. १९७८ मध्ये लायबेरियन ध्वजाचे ‘अमोको कॅडिझ’ फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटून दोन लाख टनांहून अधिक तेल सांडल्यावर युरोपीय देशांनी १९८२ मध्ये पॅरिस सामंजस्य करार केला. त्यानुसार बंदरात आलेल्या कोणत्याही ध्वजाच्या जहाजाची तपासणी होते, गंभीर दोष असल्यास ते रोखून धरले जाते आणि तपासणीतील कामगिरीवरून ध्वजांची पांढरी, करडी व काळी यादी प्रसिद्ध होते. असेच करार पुढे इतर सागरी प्रदेशांतही झाले. या याद्यांमुळे खुली नोंदणी म्हणजे निकृष्ट जहाजे हा सरसकट समज खोटा ठरला : लायबेरिया व मार्शल बेटे पांढऱ्या यादीत दिसतात, तर काही छोट्या नोंदणी वर्षानुवर्षे काळ्या यादीत राहतात. नोंदणी खुली आहे की बंद यापेक्षा तिच्याकडे निरीक्षक किती आणि जहाज नाकारण्याची तयारी किती, हे अधिक महत्त्वाचे आहे.

सर्वांत मोठी झळ खलाशांना बसते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ पासून सोयीच्या ध्वजांविरुद्ध मोहीम चालवीत असून अशा जहाजांवर किमान वेतनाचे करार करून घेण्यात त्याला मोठे यश मिळाले आहे. मालक बुडाला किंवा गायब झाला की जहाज बंदरात अडकते. कोणीतरी खलाशी जहाजावर हवाच, म्हणून स्थानिक अधिकारी त्यांना उतरू देत नाहीत, आणि पगार, पाणी, डिझेल हळूहळू संपते. मोल्डोव्हाच्या ध्वजाचे ‘ऱ्होसुस’ जॉर्जियाहून मोझांबिककडे निघालेले असताना २०१३ मध्ये बैरूतला अडकले, तेव्हा कप्तान व काही खलाशांना कित्येक महिने त्यावरच राहावे लागले. त्याच जहाजावरून उतरवून गोदामात ठेवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट ४ ऑगस्ट २०२० रोजी झाला आणि दोनशेहून अधिक लोक मरण पावले. २०१३ मध्ये अमलात आलेल्या सागरी श्रम करारात पुढे भर घालण्यात आली. तिच्यानुसार २०१७ पासून सोडून दिलेल्या खलाशांसाठी परतीचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचे वेतन यांची आर्थिक हमी लागते आणि तिचा दाखला खलाशांना दिसेल अशा जागी लावावा लागतो. हमीचा विमाच बनावट निघाला तर मात्र त्या कागदाचा उपयोग नसतो.

अलीकडच्या काळात निर्बंध चुकवून तेल नेणाऱ्या जहाजांनी ध्वजबदलाचा वेग फार वाढविला आहे. २०२२ नंतर रशियन तेलाच्या वाहतुकीत शिरलेली अनेक जुनी जहाजे एका नोंदणीतून काढली गेली की दुसरीत जातात, तर काही जहाजे ज्या देशाने नोंदणीच दिलेली नाही त्याचा ध्वज लावतात. ही खोटी नोंदणी सोयीच्या ध्वजाहून निराळी आहे आणि दोहोंची गल्लत करू नये. मोडीत जाणाऱ्या जहाजांचा ध्वजबदल मात्र कायदेशीर असतो. युरोपीय संघाचा २०१३ चा जहाज-मोडणी नियम संघातील देशांच्या ध्वजाखालील जहाजांना लागू असल्यामुळे मालक शेवटच्या फेरीआधी जहाज रोखीने खरेदी करणाऱ्या मध्यस्थाला विकतो आणि तो मध्यस्थ कोमोरोस किंवा सेंट किट्स व नेव्हिस यांसारखा ध्वज काही आठवड्यांपुरता घेतो. जून २०२५ मध्ये अमलात आलेल्या हाँगकाँग कराराने जहाजातील घातक द्रव्यांची यादी जहाजावर ठेवणे बंधनकारक केले असून ती तपासण्याची जबाबदारी ध्वज-राज्यावर टाकली आहे. त्यामुळे भरतीच्या वेळी चिखलात चढविलेल्या जहाजावर कामगार गॅसकटर घेऊन चढतात, तेव्हा ती यादी तपासलेली असण्याची जबाबदारी या काही आठवड्यांच्या ध्वजावर येते.