हेबामे

हेबामे हा सुईण या अर्थाचा जर्मन शब्द. आजचा जर्मन माणूस त्याची फोड चटकन करतो : ‘हेबेन’ म्हणजे उचलणे आणि ‘आमे’ म्हणजे दूध पाजणारी दाई. ही फोड पूर्वार्धापुरतीच खरी आहे. नवव्या शतकातील जुन्या उच्च जर्मन भाषेत हा शब्द ‘हेविआना’ असा आढळतो. त्यातला ‘आना’ म्हणजे आजी किंवा पूर्वज स्त्री. तेव्हा हेविआना म्हणजे नवजात बाळाला उचलून घेणारी आजी. काही भाषाभ्यासक आणखी मागे जातात. त्यांच्या मते मुळात हा सामासिक शब्दच नव्हता. ‘उचलणारी’ एवढ्याच अर्थाचे ते धातुसाधित होते, आणि त्याचा प्रत्यय कळेनासा झाल्यावर लोकांना त्यात आजी दिसू लागली. तसे असेल, तर लोकव्युत्पत्तीने (अनोळखी शब्दाची ओळखीच्या शब्दांत लोकांनी केलेली फोड) हा शब्द दोनदा घडवला. कारण पुढे मध्ययुगात आजीही मागे पडली आणि तिच्या जागी ‘आमे’ आली. बाळाला दूध पाजणे हे सुईणीचे काम नव्हे, पण ध्वनी जुळला की लोक अर्थाची फारशी चौकशी करत नाहीत.

‘वेमुटर’ (कळांची आई) हा या शब्दाचा जुना प्रतिस्पर्धी. मार्टिन ल्यूथरने बायबलच्या भाषांतरात इजिप्तमधील हिब्रू सुइणींसाठी तोच वापरला. ब्रांडेनबुर्गच्या दरबारी सुईण युस्टिने झीगेमुंड यांनी १६९० मध्ये छापलेल्या प्रसूतिविषयक ग्रंथाच्या नावातही ‘दरबारी वेमुटर’ असाच स्वतःचा उल्लेख केला. मात्र जर्मन वैद्य ऑइखारियुस र्‍योस्लिन यांच्या १५१३ मधील गरोदर स्त्रिया व सुइणींसाठीच्या पुस्तकाच्या नावात ‘हेबामे’ आहे. शेवटी टिकला तोही हाच.

व्यवसाय म्हणून हेबामेला जर्मनीत मोठा मान आहे. नैसर्गिक बाळंतपण ती डॉक्टरांशिवाय करू शकते. डॉक्टरांना मात्र बाळंतपणाच्या वेळी हेबामे हजर असेल याची काळजी कायद्याने घ्यावी लागते. १९८५ च्या कायद्याने या व्यवसायातील पुरुषांना ‘एंटबिंडुंग्सफ्लेगर’ (प्रसूतिपरिचारक) असे वेगळे पदनाम दिले होते. हा बोजड शब्द लोकांच्या तोंडी कधी रुळला नाही. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तो काढून टाकला. आता पुरुषाचे पदनामही हेबामेच. ऑस्ट्रियाने हे १९९४ मध्येच केले होते.